पॅप टेस्टचा रिपोर्ट ‘अ‍ॅबनॉर्मल’ आलाय? या चुका टाळा

पॅप टेस्टमध्ये गर्भपिशवीच्या तोंडाच्या पेशी ब्रशने घेऊन तपासतात. रिपोर्टवर ‘अ‍ॅबनॉर्मल’ दिसलं की पुढची अक्षरं वाचायचा धीरच होत नाही. पहिली चूक इथेच होते, कारण पुढे काय करायचं ते त्या अक्षरांवरच ठरतं. ‘एएससी-यूएस’ म्हणजे पेशी जरा वेगळ्या दिसल्या, पण ठाम काही सांगता येत नाही. मग एचपीव्ही (संबंधांतून पसरणारा, पिशवीच्या तोंडाच्या कॅन्सरला कारण ठरू शकणारा विषाणू) आहे का याची टेस्ट करतात आणि ती निगेटिव्ह आली तर धोका फारच कमी. ‘एलएसआयएल’ म्हणजे सौम्य बदल, बहुधा एचपीव्हीच्या संसर्गामुळे झालेले. हा संसर्ग बहुतेकींच्या शरीरातून एक-दोन वर्षांत आपोआप जातो. ‘एचएसआयएल’ म्हणजे जास्त तीव्र बदल, तो मात्र अंगावर काढण्यातला नाही. तरी तोही कॅन्सरचं निदान नव्हे. पॅप ही नुसती चाळणी आहे.

माझ्या मते सगळ्यात महागात पडते ती चूक वेगळीच: ‘एचएसआयएल’ आल्यावर दुसऱ्या लॅबमध्ये तीच टेस्ट पुन्हा करून बघणं. दुसरा रिपोर्ट नॉर्मल आला की हायसं वाटतं आणि पहिला खोटा ठरवून मोकळं व्हायला होतं. पण दुसऱ्या वेळी ब्रशला त्या पेशी लागल्याच नाहीत, असंही असू शकतं. इथे हवी कॉल्पोस्कोपी, म्हणजे पिशवीचं तोंड भिंगातून मोठं करून तपासणं. पिशवीच्या तोंडाला ३ ते ५ टक्के अ‍ॅसेटिक अ‍ॅसिड लावतात (व्हिनेगरमध्ये असतं तेच). जरा चुरचुरतं. मिनिटभरात संशयास्पद भाग पांढरट दिसू लागतो आणि तिथला बारीकसा तुकडा बायोप्सीला जातो.

‘कटकट नको, पिशवीच काढून टाका’ ही घाईही नको. बायोप्सीत पेशींतल्या बदलांना ‘सीआयएन’ १ (सौम्य) ते ३ (तीव्र) अशी श्रेणी देतात. ‘सीआयएन १’ निघाला तर बहुधा नुसतं लक्ष ठेवतात. ‘सीआयएन ३’ असेल तर लीपसारख्या (विजेच्या तारेच्या फासाने कापण्याच्या) प्रक्रियेने तेवढाच भाग काढतात. पुढे मूल हवं असेल तर ते डॉक्टरांना आधीच सांगा, ‘सीआयएन २’मध्ये त्यावरून निर्णय बदलू शकतो.

आणि हो, नवऱ्याची उलटतपासणी नको. एचपीव्ही वर्षानुवर्षं गुपचूप राहू शकतो. कधी, कुणाकडून आला ते टेस्ट सांगत नाही. आता एचपीव्हीची लस घेतली म्हणून आधीचा संसर्गही जात नाही.

उपचार झाले की फाईल कपाटात जाते, तीही चूकच. सहा महिन्यांनी पुन्हा तपासणी असते आणि पुढेही बरीच वर्षं ती चालू ठेवावी लागते. मधेच संबंधांनंतर किंवा पाळी नसताना रक्त गेलं, तर ठरलेल्या तारखेची वाट बघू नका.