संधिवाताचं इंजेक्शन सुरू करायच्या आधी डॉक्टरला काय विचारायचं

मेथोट्रेक्सेटनं (संधिवाताचं नेहमीचं औषध) भागेना, आता बायोलॉजिकल, म्हणजे जिवंत पेशींपासून बनवलेलं इंजेक्शन, बघू, असं डॉक्टर म्हणाले की घरात पहिला विषय निघतो पैशाचा. आमच्यात पण तेच, आईला दाखवून मिरजेहून सांगलीला येईस्तोवर एसटीत नुसता हिशोब. पण त्याच्या आधी विचारायचं ते हे की औषध नक्की कुणाला अडवतंय, सांगावा आणणाऱ्याला का तो ऐकणाऱ्या रिसेप्टरला, कारण पुढची काळजी त्यावरच ठरते.

खरसुंडीच्या बाजारात खिलाराचा सौदा रुमालाखाली बोटं दाबून चालतो ना, तसंच धरा. बोटं म्हणजे टीएनएफ, आयएल-६ ही सूज वाढवणारी प्रथिनं, समोरचा तळहात म्हणजे पेशीवरचा रिसेप्टर, बोट दाबलं की सांध्याचं अस्तर सुजायला लागतं. अडालिमुमॅब हे इंजेक्शन टीएनएफची बोटंच पकडून ठेवतं. इटानरसेप्टची गंमत वेगळी, १९९८ पासून वापरात आहे, ते टीएनएफच्या रिसेप्टरचाच बाहेरचा भाग वापरून केलंय, म्हणजे रुमालात खोटा हात सारला, बोटं बसली त्यालाच दाबत. टोसिलिझुमॅब मात्र खऱ्या तळहातावर, आयएल-६ च्या रिसेप्टरवर, जाऊन बसतं. टोफासिटिनिबची गोळी हाताच्या वाटेला जातच नाही, ती पेशीच्या आतली तार अडवते.

आता काळजी. झोपलेल्या टीबीला कोंडून ठेवायचं काम पण टीएनएफच करतं, ते अडवलं की टीबी उठू शकतो, म्हणून आधी छातीचा एक्सरे आणि टीबीची मांटू (कातडीवरची) किंवा इग्रा (रक्ताची) तपासणी. घरात कुणाला, अगदी आजोबांना चाळीस वर्षांपूर्वी टीबी झाला असला तरी सांगायचं, लाजायचं नाही. (ही तपासणी टोसिलिझुमॅब आणि टोफासिटिनिबला पण करतात, हिपॅटायटिस बी, सी ची पण.)

टोसिलिझुमॅबवर असताना सीआरपी (रक्तातलं सूज दाखवणारं प्रथिन) नॉर्मल आला म्हणून गाफील राहू नका, लिव्हर सीआरपी बनवते तेच आयएल-६ च्या सांगण्यावरनं, त्यामुळं आत इन्फेक्शन असलं तरी रिपोर्ट गोड दिसतो. ताप आला की गल्लीतल्या डॉक्टरला आधी इंजेक्शनचं नाव सांगा. टोफासिटिनिब असेल तर नागीण, हार्टचा त्रास, रक्ताच्या गाठी आणि सिगारेट, हे चारही विषय आपणहून काढा.

आणि मेथोट्रेक्सेट सोबत चालू ठेवलं असेल तर ते आठवड्यातनं एकाच वारी, रोज घेतलं तर जिवावर बेतू शकतं, आम्ही कॅलेंडरवर दर रविवारी लाल गोल करतो.

इंजेक्शन फ्रिजमधे २ ते ८ डिग्रीला, फ्रीजरमधे नाही, प्रवासात बर्फाला थेट चिकटवू नका, आणि टोचायच्या आधी अर्धा तास बाहेर काढून ठेवा, गार टोचलं की जास्त झोंबतं.