पुरळ बघून निदान करताय? या चुका टाळा

पोटाचा फोटो पाठवून "सर, ॲलर्जी ना?" विचारणाऱ्या नव्या डॉक्टरांना मी एकच सांगतो: आधी मुलाचा चेहरा दाखव.

पुरळावरून सुरुवात करणं हीच सर्वांत मोठी चूक. 2022 च्या शेवटी मुंबई, भिवंडी, मालेगावात गोवराची साथ होती, तेव्हा दीड वर्षाचं एक बाळ आलं. चार दिवस ताप, कालपासून पुरळ. आदल्या दिवशी कुणी तरी ॲलर्जीचं सिरप देऊन घरी पाठवलेलं, तेही भरल्या ओपीडीत तासभर बसवून. डोळे लाल, नाक वाहतंय, खोकला थांबेना. आईला विचारलं, "ताई, पहिल्यांदा कुठे दिसलं?" "कानामागं. मग तोंडावर, आता खाली उतरतंय." टॉर्च लावून गाल आतून पाहिला, तर दाढांसमोर लालसर जागेवर मिठाच्या कणांसारखे पांढरे ठिपके. हे पुरळाच्या एक-दोन दिवस आधी येतात आणि लवकर जातात, त्यामुळे दिसले नाहीत म्हणून गोवर नाही असं समजू नका. पुरळाच्या चार दिवस आधीपासून चार दिवस नंतरपर्यंत मूल इतरांना गोवर देतं. त्या बाकावर शेजारी कोण कोण बसलं होतं, याचाच मला घोर लागला होता. संशय आला की मूल वेगळं बसवा, आरोग्य विभागाला कळवा आणि व्हिटॅमिन ए विसरू नका: वर्षावरच्या मुलाला 2 लाख युनिट, लागोपाठ दोन दिवस.

सावळ्या कातडीवर लाली ट्यूबलाइटमध्ये दिसत नाही. मी मूल खिडकीशी नेतो, सगळे कपडे काढतो, हात फिरवून खरखर बघतो. घाई असेल त्याने लहान मुलं तपासू नयेत.

कांजण्यांत लाल पुळी, पाण्याचा फोड आणि खपली एकाच वेळी, छाती-पाठीवर जास्त आणि डोक्याच्या केसांतही दिसतात. फोड तळहात, तळपाय आणि तोंडातच जास्त असतील तर हँड-फूट-माउथचा विचार करा. कांजण्यांच्या तापाला ॲस्पिरिन अजिबात नको.

गालगुंडात सूज कानाच्या पाळीखाली येते, पाळी वर उचलली जाते.

घशात राखाडी पडदा दिसला तर खरवडून बघू नका, रक्त येतं. घटसर्प समजून लगेच मोठ्या रुग्णालयात पाठवा, स्वॅबच्या रिपोर्टची वाट बघू नका.

काचेचा ग्लास दाबूनही न विरणारे लाल-जांभळे ठिपके आणि सोबत ताप असेल, तर फोटो काढत बसू नका, गाडी काढा.