पहिल्या दिवशीची सही: शॉप फ्लोअरवर नव्याने येणाऱ्यांसाठी

आयटीआय करून कारखान्यात येणाऱ्याला हेल्मेट आणि सेफ्टी शूज का घालायचे, हे सांगायला नको. ते पोस्टरवर असतंच. मला बोलायचंय ते पहिल्या दिवशी समोर सरकवल्या जाणाऱ्या रजिस्टरबद्दल.

सुपरवायझर पानावर बोट ठेवत जातो, 'इथे, इथे, आणि इथे.' त्यातली एक ओळ असते: 'सुरक्षा प्रशिक्षण व मशीनच्या गार्डची माहिती मिळाली.' (गार्ड म्हणजे हात मशीनच्या चालत्या भागात जाऊ नये म्हणून बसवलेलं कवच.) प्रशिक्षण झालेलं नसतं, प्रोडक्शन अडलेलं असतं, आपण सही ठोकतो. पॉवर प्रेसवर, म्हणजे पत्रा दाबून कापणाऱ्या-वाकवणाऱ्या मशीनवर, माझ्या बोटाला टाके पडले, तेव्हा कंत्राटदाराने सगळ्यात आधी तेच पान उघडलं.

का, ते नीट समजून घ्या. 1923 च्या नुकसानभरपाई कायद्यात एक अपवाद होता, तो नव्या सामाजिक सुरक्षा संहितेतही आलाय. गार्ड दिलेला आहे हे ठाऊक असूनही कामगाराने तो मुद्दाम काढला किंवा धुडकावला, आणि त्यामुळेच इजा झाली, तर मालकाला भरपाई नाकारता येते. मृत्यू किंवा कायमचं पूर्ण अपंगत्व आलं, तरच हा बचाव चालत नाही. म्हणजे बोट गेलं की बराचसा वाद येऊन थांबतो तुम्हाला गार्डची माहिती होती का, यावर. आणि होती, असं तुम्ही आधीच लिहून दिलेलं असतं. प्रेसला दोन बटणं असतात ती दोन्ही हात डायबाहेर, म्हणजे पत्रा दाबणाऱ्या साच्याबाहेर, राहावेत म्हणून. वेग वाढवायला त्यातल्या एका बटणात पाचर मारायला ज्याने सांगितलं, त्याची सही मात्र कुठेच नसते.

म्हणून शांतपणे विचारा, 'ट्रेनिंग कधी आहे? झालं की लगेच सही करतो.' करावीच लागली तर तारीख घाला, शेजारी 'प्रशिक्षण बाकी' लिहा. बोलणी बसतील. पण एवढं घाबरण्यासारखं नाही. पुढच्या कारखान्यात तेवढ्यावर मला मशीन नीट समजावून मिळालं.

'आम्ही आयुष्यभर गार्डशिवाय चालवली' म्हणणाऱ्या उस्तादाकडून डाय सेटिंग जरूर शिका, बाकी काही नको. परीक्षेपुरती गाईडं तर मला अजिबात पटत नाहीत. त्यातली पाठ केलेली कलमं आता बदललीत: 1948 च्या कारखाने अधिनियमाची जागा 21 नोव्हेंबर 2025 पासून व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य आणि कामाची स्थिती संहितेने घेतलीय. तिच्यानुसार नेमणूकपत्र द्यावंच लागतं, आणि सुरक्षेच्या साधनांचे पैसे कामगाराकडून घेता येत नाहीत, बुटांचेसुद्धा. जिवावर बेतेल असा धोका दिसला तर मालकाला आणि त्याच वेळी सरकारी निरीक्षकालाही कळवता येतं. आपल्या बाजूनेही बंधन आहे: सुरक्षा साधनांशी छेडछाड करायची नाही, धोका दिसला तर गप्प बसायचं नाही. फक्त तोंडी सांगू नका. तोंडी तक्रारीला 'बघतो' एवढंच उत्तर मिळतं. दोन ओळी लिहून द्या, पोच घ्या.

आणि पगारातून ईएसआय (कर्मचारी राज्य विमा) कापत असतील, तर उपचार आणि अपघाताचे लाभ मालकाऐवजी तिकडून मिळतात. तेव्हा आपला विमा क्रमांक पहिल्याच महिन्यात मागून घ्या.