हरणाला चाहूल न लागता त्याच्याजवळ कसे जावे

रानात हरीण न्याहाळायला, त्याचे छायाचित्र घ्यायला किंवा कायद्याने मुभा असेल तिथे शिकारीला निघालेला माणूस सर्वाधिक विचार करतो तो कपड्यांच्या रंगाचा. हरणाला माणूस कळतो तो मात्र मुख्यतः वासाने आणि हालचालीने. तयारीचा क्रमही त्यानुसार ठरवावा.

सर्वप्रथम वारा पाहावा. चिमूटभर बारीक राख हवेत सोडली की झुळुकेची दिशा लगेच समजते, आणि ती दिशा जागोजागी बदलत असल्याने ही चाचणी वाटेत पुनःपुन्हा करावी लागते. वारा हरणाकडून आपल्याकडे येत असेल तरच पुढे जावे. डोंगराळ भागात सकाळी ऊन तापू लागले की हवा उताराने वर सरकते आणि संध्याकाळी गारवा आला की ती खाली उतरते. म्हणून सकाळी हरणांच्या वरच्या अंगाला व संध्याकाळी खालच्या अंगाला राहणे सोयीचे ठरते. वारा उलटला, तर पुढची सारी काळजी वाया जाते.

त्यानंतर कपड्यांकडे वळावे. माणसाच्या डोळ्यात रंग ओळखणाऱ्या शंकुपेशी तीन प्रकारच्या असतात, तर हरणाच्या डोळ्यात दोनच. त्यांपैकी एक निळ्या प्रकाशाला, दुसरी हिरव्या-पिवळ्या प्रकाशाला प्रतिसाद देते. तांबडा ओळखणारी तिसरी नसल्याने हिरव्या, नारिंगी आणि तांबड्या छटांमधला फरक त्याला फारसा कळत नाही. एकमेकांच्या गोळीपासून बचाव व्हावा म्हणून शिकारी घालतात ते भडक नारिंगी जाकीट आपले डोळे दिपवते, पण हरणाला ते तसे भडक भासत नाही, त्यामुळे सुरक्षिततेसाठी ते घालायला मुळीच कचरू नये. टाळायचा असतो तो निळा रंग. शिवाय हरणाच्या डोळ्याचे भिंग अतिनील किरण आपल्या भिंगाइतके अडवत नाही, आणि कपडे शुभ्र दिसावेत म्हणून धुण्याच्या पावडरीत घातलेली चमकद्रव्ये हेच किरण शोषून निळसर प्रकाश बाहेर टाकतात. पहाटेच्या अंधूक उजेडात असा कपडा हरणाच्या नजरेत भरू शकतो. म्हणून रानात घालायचे कपडे चमकद्रव्य आणि सुगंध नसलेल्या साबणाने धुवावेत.

तिसरी गोष्ट हालचालीची, आणि माझ्या मते इथेच बहुतेकांचा घात होतो. हरणाचे डोळे डोक्याच्या दोन्ही बाजूंना असल्याने त्याला सभोवतालचा सुमारे 300 अंशांचा भाग एकाच वेळी दिसतो. बारकावे आपल्याइतके स्पष्ट दिसत नसले, तरी त्या सगळ्या टापूत काही हलले की ते त्याच्या चटकन लक्षात येते. डोळ्यातील बाहुली आडवी असते. शेळ्या, मेंढ्या आणि घोडे चरायला मान खाली घालतात तेव्हा त्यांचे डोळे खोबणीत फिरून बाहुली जमिनीला समांतर ठेवतात, असे आढळले आहे; तेव्हा चरणाऱ्या प्राण्याची मान खाली आहे म्हणजे त्याला दिसत नाही, असे समजू नये. त्याचे डोके झाडाआड गेले किंवा त्याने पूर्ण पाठ फिरवली, की मगच हलावे. दोन-चार पावले टाकून बराच वेळ थांबावे, कारण एकसारख्या ठेक्यात पडणारी पावले माणसाची ओळख पटवतात. टेकडीच्या माथ्यावर उभे राहिल्यास आकाशाच्या पार्श्वभूमीवर आकृती उठून दिसते, म्हणून पाठीशी झुडूप किंवा जाड खोड असू द्यावे.

अंधार पडू लागला म्हणजे आपण सुरक्षित झालो, हाही गैरसमजच. डोळ्याच्या मागचा परावर्तक थर मिळालेला प्रकाश पुन्हा दृष्टिपटलावर टाकतो, त्यामुळे आपण चाचपडत असतो त्या वेळी हरणाला पुरेसे दिसत असते.

आवाजाबाबत एवढेच सांगता येईल, की हरणाचे कान स्वतंत्रपणे वळतात आणि आपल्याला ऐकू न येणारे उच्च ध्वनीही टिपतात. किल्ल्या, चेन, बकल यांची किणकिण घरीच बंद करून निघावे.

इतके करूनही हरणाने मान ताठ करून कान टवकारले, तर आहे त्या जागी थिजून राहावे आणि त्याच्या डोळ्यांत रोखून पाहू नये. संशय आलेले हरीण पाय आपटते. कधी मान खाली घातल्यासारखे करून झटकन वर करते. ते पुन्हा निवांत चरू लागेपर्यंत बोटही हलवू नये. त्याने फुत्कार टाकून शेपूट उभारली, तर मात्र त्याचा पाठलाग न करता आल्या वाटेने शांतपणे परतावे.