बाटली घेताना मागचं लेबल वाचा

घरी प्यायला बाटली घ्यायची तर पुढच्या चकचकीत लेबलापेक्षा मागची बारीक अक्षरं वाचा. बिअरचं तर बरंचसं तारखेवरच असतं. भरल्याची तारीख जितकी अलीकडची तितकी चव ताजी. हॉप्सचा, म्हणजे बिअरला कडवटपणा आणि वास देणाऱ्या फुलांचा, गंध सगळ्यांत आधी उडतो. हिरवी किंवा पारदर्शक बाटली दुकानात उजेडात मांडलेली असेल तर सोडून द्या, उघडल्यावर उग्र वास मारते. कॅन किंवा तपकिरी बाटली बरी.

स्कॉचवर 12 वर्षं लिहिलं असेल तर ते त्यातल्या सगळ्यांत कोवळ्या व्हिस्कीचं वय. वय न छापलेलीही झकास निघते. आणि वर कोला ओतणारच असाल तर वयाचे पैसे कशाला मोजायचे?

वाइनचं गणित वेगळं. उघडलेली बाटली फ्रिजमध्येसुद्धा साधारण 3 ते 5 दिवसच चांगली राहते. एकटे पिणारे असाल तर 375 मिलीची अर्धी बाटली हिशेबाला महाग दिसली तरी परवडते. मी मोठी आणायचो आणि उरलेली शेवटी स्वयंपाकात जायची. व्हिस्की, रम मात्र बूच घट्ट लावून उभी ठेवली की महिनोन्महिने टिकते, म्हणून मोठी बाटली घ्यायचीच तर त्यांची घ्या.