उलट्या पायडलच्या ब्रेकचा हब खोलताय? या चुका टाळा

मंगळवार बाजारात जुनी टॉर्पेडो नाहीतर पेरी हबवाली सायकल (हब म्हणजे चाकाचा मधला भाग, या दोन्हींत ब्रेक त्याच्या आतच असतो) सापडली की पोरं लै खूश होतात आणि दुसऱ्याच दिवशी हब पेट्रोलमध्ये बुडवतात. धुवा की, पण धुऊन आतला ब्रेक कोरडाच बसवायचा, का तर ग्रीसनं ब्रेक घसरेल, ही समजूत आधी डोक्यातून काढा. हा रबराचा ब्रेक नाही. उलटं पायडल दाबलं की आतली धातूची बाही फुगते आणि हबच्या आतल्या भिंतीला घासते, धातूवर धातू, तिथं ग्रीस पाहिजेच. 1903 ला जर्मनीत श्वाइनफुर्टला एर्न्स्ट झाक्सनं टॉर्पेडो काढला, तोही ग्रीसवरच चालतो.

आमच्या ओळखीतल्या एकानं असाच कोरडा हब बसवला. मे महिन्याचं ऊन, सात रस्ता चौकात ब्रेक दाबला तो लागला आणि सुटेचना, मागचं चाक उचलून घरापर्यंत चालत आला बिचारा. खोलून बघितलं तर बाही चिकटलेली, आत नखाला लागतील असे चरे. शेल, म्हणजे हबचं बाहेरचं कवच, गेलं. दुसरं शोधा, सगळे स्पोक काढा, चाक परत बांधा, एवढा उद्योग चमचाभर ग्रीस वाचवून!

मी बाहीला आणि छर्ऱ्यांना गाडीच्या व्हील बेअरिंगचं, उष्णता सोसणारं ग्रीस लावतो. पुढं पायडल मारताना चाक पकडणाऱ्या आतल्या रोलरना मात्र पातळ तेल. तिथं जाड ग्रीस थापलं की रोलर अडकतात, पायडल पुढं मारलं तरी रिकामं फिरतं आणि लोक हब बाद झाला म्हणून भंगारात देतात. अहो, रोलर घासलेटनं पुसून बघा आधी!

दुसरं, ब्रेकची पट्टी, म्हणजे हबपासून फ्रेमपर्यंत येणारी लोखंडी पट्टी. ती फ्रेमला क्लिप आणि बोल्टनंच आवळायची. तार गुंडाळलेली, केबल टाय लावलेला बघितला की माझं डोकं फिरतं. ब्रेकचा सगळा जोर तीच पट्टी झेलते, ती सुटली की पट्टीबरोबर एक्सल फिरतो आणि मग चाक जाम होईल नाहीतर ब्रेकच लागणार नाही.

छर्ऱ्यांची जाळी उलटी बसवू नका, काढतानाच मोबाईलवर फोटो घ्या. कोनला, म्हणजे छर्रे दाबून धरणाऱ्या एक्सलवरच्या निमुळत्या नटाला, पाईप पाना लावायचा नाही म्हणजे नाही. उलटं पायडल नुसतंच फिरत असेल तर आतली घर्षणाची स्प्रिंग बघा, झिजलेली असते. चेन मधोमध साधारण सेंटीमीटरभर हलली पाहिजे. आणि पुढचा ब्रेक काढून टाकू नका, चेन उतरली की मागचा ब्रेक त्याच क्षणी गेला.