एक्झोम रिपोर्ट शेवटच्या पानापासून वाचा

शेवटच्या पानावर बारीक अक्षरांत चाचणीच्या मर्यादा छापलेल्या असतात. आम्ही प्रयोगशाळेतली माणसं त्या जीव ओतून लिहितो आणि कुणी वाचत नाही! एक्झोम म्हणजे सुमारे 20,000 जनुकांमधला प्रथिनं घडवणारा भाग, एकूण डीएनएच्या जेमतेम दीड-दोन टक्के. ही चाचणी तेवढंच वाचते. त्यामुळे ‘निगेटिव्ह’ आलं म्हणून आजार जनुकीय नाही असं ठरत नाही. बाळ ढिलं पडतंय, डॉक्टरांना एसएमएची (स्नायू दुबळे करणाऱ्या जनुकीय आजाराची) शंका आहे, तर आधी एमएलपीए, म्हणजे जनुकाच्या प्रती मोजणारी चाचणी करा. या आजाराशी संबंधित एसएमएन1 आणि एसएमएन2 ही जनुकं इतकी सारखी असतात की साध्या एक्झोममधून हा आजार निसटू शकतो. फ्रॅजाइल एक्स या बौद्धिक वाढीवर परिणाम करणाऱ्या जनुकीय आजाराचीही चाचणी वेगळीच.

आता पहिलं पान. सापडलेल्या बदलासमोर पाचपैकी एक शेरा असतो. ‘पॅथोजेनिक’ (आजार घडवणारा) आणि ‘बिनाइन’ (निरुपद्रवी) ही दोन टोकं, त्यांच्या अलीकडे ‘लाइकली’ (बहुधा) वाले दोन, आणि मधोमध व्हीयूएस, म्हणजे अर्थ अजून न लागलेला बदल. सगळी रडारड या व्हीयूएसवरून होते. नुसत्या त्याच्या जोरावर गर्भाबद्दल निर्णय घेऊ नका, मग गूगल काहीही सांगो. जगभरच्या डेटाबेसमध्ये भारतीयांची माहिती तोकडी आहे, त्यामुळे आपल्याकडे एखाद्या समाजात सर्रास आढळणारा निरुपद्रवी बदलही तिथे दुर्मिळ दिसतो.

अशा वेळी आई-वडील दोघांचं रक्त द्या. जांभळ्या झाकणाची ईडीटीए ट्यूबच घ्यायला सांगा. हिरव्या झाकणाच्या ट्यूबमधलं हेपारिन पीसीआर, म्हणजे डीएनएच्या प्रती काढण्याची प्रक्रिया बिघडवतं. बदल दोघांतही नसेल, तर तोच आजाराचं कारण असल्याचा संशय बळावतो. आजार अप्रभावी (रिसेसिव्ह) प्रकारचा असेल, तर त्या जनुकाच्या दोन्ही प्रती बिघडलेल्या हव्यात, एक आईकडून आणि एक वडिलांकडून. दोन्ही बदल आईच्याच एका प्रतीवरून आले असतील, तर तेवढ्यावर निदान होत नाही. निदान पक्कं झालं आणि दोघंही वाहक निघाले, तर पुढच्या प्रत्येक गरोदरपणात धोका 25 टक्के.

समुपदेशनाला जाताना तीन पिढ्यांची वंशावळ कागदावर काढून न्या. मामाच्या मुलीशी झालेलं लग्न, लहानपणीच गेलेली भावंडं, वारंवार झालेले गर्भपात, सगळं लिहा. हे आजीला विचारा, काका-मामा अर्धं विसरलेले असतात.

आणि प्रयोगशाळेकडून फास्टक्यू फाइल (चाचणीचा कच्चा डेटा) मागून पेनड्राइव्हवर ठेवा. नवी जनुकं सापडत राहतात; वर्ष-दोन वर्षांनी त्याच फाइलचं विश्लेषण पुन्हा करून घेता येतं, मुलाला परत सुई न टोचता.